पडद्यावरची उभी रेघ आणि संपलेली वॉरंटी: कोल्हापुरातील दोन दुरुस्ती सेवांचे परीक्षण

वॉरंटी नुकतीच संपली आहे आणि टॅबलेटच्या स्क्रीनवर रेघ उमटली आहे, अशा वेळी कोल्हापुरात दोनच ठिकाणे उरतात: कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र, नाहीतर राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी या भागांतले एखादे खासगी दुरुस्तीचे दुकान. गेल्या पावसाळ्यात मला या दोन्हींशी व्यवहार करावा लागला. केंद्राची शिस्त चांगली, पण निदान कच्चे. दुकानाचे निदान उत्तम, पण कागद कच्चा, असे माझे मत झाले आहे. वॉरंटीत असलेल्या यंत्राचे निदान चुकले तर त्याचा भुर्दंड कंपनीला बसतो, वॉरंटीबाहेरच्या यंत्राचे चुकले तर तो आपल्याला बसतो, म्हणून या परीक्षणात मी निदानाला सर्वाधिक महत्त्व दिले आहे. एका टॅबलेटवरून सबंध कंपनीवर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही, त्यामुळे तिचे नाव येथे नाही. दुकानाचे नाव लिहू नका, असे खुद्द दुकानदाराने सांगितले. आहे तेच काम वेळेवर निघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य आहे.

टॅबलेट साधारण अठरा हजारांचा, अँड्रॉइडवर चालणारा, दहा इंची आयपीएस एलसीडी स्क्रीनचा. मी दागिन्यांचे नमुने आखण्याचे काम करते आणि गुजरीतील सराफांना व त्यांच्या गिऱ्हाइकांना कोल्हापुरी साज, ठुशी, चिंचपेटी यांची आखणी याच टॅबलेटवर दाखवते. वॉरंटी संपून दोन महिनेही झाले नसतील, तोच उजव्या कडेजवळ एक बारीक हिरवट उभी रेघ दिसू लागली आणि काही आठवड्यांत स्क्रीनच्या मध्यभागी एक उजळ, ढगासारखा डाग पसरला. बातम्या वाचणाऱ्या माणसाने अशी रेघ वर्षभर चालवून घेतली असती. ज्या चित्रात सोन्याची तार कोठून कोठे वळते हेच दाखवायचे असते, त्यात मात्र परकी रेघ चालत नाही.

कोणत्याही दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरच्या घरी काही गोष्टी तपासता येतात, आणि त्या तपासल्याने समोरच्या माणसाशी बोलणे सोपे जाते. स्क्रीनशॉट काढून तो फोनवर पाहावा: त्यात रेघ नसेल, तर प्रतिमा तयार होईपर्यंत सर्व काही ठीक आहे आणि दोष पॅनेलमध्ये (स्क्रीनच्या चित्र दाखवणाऱ्या भागात) किंवा त्याच्या जोडणीत आहे. टॅबलेट बंद करून चालू करताना कंपनीचे बोधचिन्ह दिसते, त्या क्षणीही रेघ असेल, तर सॉफ्टवेअर अद्ययावत करून किंवा सर्व माहिती पुसून काहीही साधणार नाही. एलसीडी पॅनेलमध्ये बिंदूंच्या उभ्या स्तंभांना संकेत पुरवणारी चालक चिप, लवचिक पट्टी आणि काच यांच्यातील जोड एका वाहक फिल्मने, उष्णता व दाब देऊन केलेले असतात. त्यातला एखादा जोड सुटला, की त्या स्तंभाला संकेत मिळत नाही आणि तेथे कायमची रेघ दिसते. उजळ डागाचे कारण वेगळे असते. पॅनेलच्या मागे प्रकाश सारखा पसरवणारे पातळ थर असतात आणि त्यांच्यावर मागून दाब आला, की तेवढा भाग अधिक उजळ दिसतो. हा दाब कोठून येतो, हा खरा प्रश्न होता.

फोनवरच्या ज्या हिरव्या रेघेबद्दल आपण नेहमी ऐकतो, ती बहुधा अॅमोलेड स्क्रीनची, म्हणजे एलसीडीहून वेगळ्या, प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देणाऱ्या स्क्रीनची असते. काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलांच्या अशा स्क्रीन वॉरंटी संपल्यावरही मोफत बदलून दिल्या आहेत, म्हणून आपल्या मॉडेलसाठी अशी सवलत आहे का, हे प्रत्येकाने विचारावेच. माझ्या टॅबलेटसाठी ती नव्हती.

अधिकृत सेवा केंद्रात टोकन, बसायला खुर्ची, अदबीने बोलणारे कर्मचारी आणि छापील जॉब शीट (दुरुस्तीसाठी यंत्र घेतल्याची नोंद) असा सगळा व्यवहार नेटका होता. यंत्र ताब्यात घेताना कडा, कोपरे आणि चार्जिंगचे छिद्र तपासून ‘बाह्य इजा नाही, पाणी गेल्याची खूण नाही’ अशी नोंद त्यांनी मी न सांगता केली. ही नोंद फार मोलाची असते, कारण पुढे वाद झालाच, तर यंत्र पडले असेल किंवा भिजले असेल, या नेहमीच्या आक्षेपाला तीच उत्तर देते. या एका गोष्टीसाठी केंद्राला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

तपासणी मात्र काउंटरवरच उरकली. रेघ पाहिली, डाग पाहिला, संगणकात मॉडेलचा क्रमांक घातला आणि ‘डिस्प्ले असेंब्ली’ बदलावी लागेल, असे सांगण्यात आले. अंदाजपत्रक साडेनऊ हजारांचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अकरा हजारांच्या वर. सुटा भाग बाहेरगावाहून येणार, तो कधी येईल ते निश्चित नाही, दुरुस्ती नाकारल्यास तपासणी शुल्क परत मिळणार नाही आणि यंत्रातील माहिती पुसली जाऊ शकते, या अटीही होत्या. त्या अटींबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच होता, की रेघ आणि डाग यांचे कारण एक की दोन, आणि नव्या पॅनेलवरही डाग पडला तर काय? त्यावर ‘मॅडम, आम्हाला सिस्टिममध्ये डिस्प्लेच दाखवतोय’ असे उत्तर मिळाले. यंत्र उघडून पाहण्याची तयारी कोणी दाखवली नाही. नव्या गाडीच्या किमतीतला निम्म्याहून अधिक पैसा मागणाऱ्या गॅरेजने बॉनेट न उघडता इंजिन बदला म्हणावे, तसा हा प्रकार झाला.

दुकानात यंत्र उघडण्याआधी मी कंपनीला लिहिले, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतः कबूल केलेल्या मोफत दुरुस्तीची मुदत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतील दोषाची जी व्याख्या आहे, ती या मुदतीला बांधलेली नाही. दोष मुळातच होता, हे दाखवता आले, तर वॉरंटीनंतरही दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि यंत्र ऑनलाइन मागवलेले असून विक्रेता परराज्यातला असला, तरी आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण खासगी दुकानात आधीच उघडलेल्या यंत्राबाबत कंपनी काय म्हणेल, हे सांगायला वकील लागत नाही.

माझ्यासारख्या स्वतःच्या व्यवसायासाठी यंत्र वापरणाऱ्यांना आणखी एक बारकावा ठाऊक असावा. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारण’ या कक्षेत येत नाही. एकटीने काम करणाऱ्या आखणीकार बाईला हा अपवाद लागू पडतो, पाच नोकर असलेल्या पेढीला तो सहज लागू पडेलच असे नाही. बिल कोणाच्या नावावर करायचे, हे म्हणूनच खरेदीच्या वेळी ठरवावे.

पहिल्या पत्राला कंपनीकडून ठरावीक साच्याचे उत्तर आले: वॉरंटी संपली आहे, केंद्रात जा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदवली. ती कंपनीकडे गेल्यावर भाषा मवाळ झाली आणि मजुरी माफ करण्याची तयारी दाखवण्यात आली. पॅनेलची किंमत तशीच राहिली. मजुरीचा वाटा एकूण रकमेत इतका किरकोळ होता, की या सवलतीने माझ्या हिशेबात फरक पडला नाही. पॅनेलच्या किमतीत निम्मी सूट दिली असती, तर मी केंद्रातच काम करून घेतले असते. आयोगापर्यंत मी गेले नाही, कारण दसरा-दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर होत्या आणि तोपर्यंत टॅबलेट पुराव्यादाखल कपाटात ठेवणे मला परवडणारे नव्हते.

शाहूपुरीतील ते दुकान जेमतेम एका खिडकीएवढे आहे. मालक स्वतःच कारागीर. त्यांनी रेघेकडे फारसे पाहिले नाही. टॅबलेट काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला, एका कोपऱ्यावर बोट टेकवले आणि यंत्र किंचित डुलते ते मला दाखवले. मग गरम मॅटवर ठेवून कडेचा गोंद मऊ केला, पातळ प्लास्टिकच्या पट्टीने स्क्रीन उचलली आणि आत बोट दाखवून म्हणाले, ‘ताई, रेघ ऱ्हाऊ दे बाजूला, आधी बॅटरीनं पोट काढलंय ते बघा.’ बॅटरीची चपटी पिशवी खरोखरच फुगलेली होती आणि तिचा फुगवटा नेमका डागाच्या मागे होता. लिथियम पॉलिमर बॅटरीत आत वायू तयार झाला, की तिचे मऊ आवरण असे फुगते. दिवसभर शंभर टक्क्यांवर चार्जिंगला लावलेल्या, उष्णतेत राहिलेल्या बॅटरीत हे लवकर घडते, पण काउंटरवर स्टँडला लावून वापरणे हा टॅबलेटचा काही जगावेगळा उपयोग नव्हे. त्याच दाबाने कडेच्या जोडावर ताण येऊन रेघ उमटली असावी, असा त्यांचा कयास होता. तो नक्की कयासच, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि मला ते आवडले.

याचा अर्थ असा, की केंद्राच्या अंदाजपत्रकाप्रमाणे मी अकरा हजार मोजून केवळ स्क्रीन बदलली असती, तर नव्या पॅनेलच्या पाठीशीही तीच फुगलेली बॅटरी राहिली असती. पैशांचे सोडा, अशी बॅटरी वापरात ठेवणे धोक्याचे आहे: ती दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. पाठ फुगलेली, स्क्रीनची कड उचललेली किंवा सपाट टेबलावर डुलणारी यंत्रे चार्जिंगला लावू नयेत, आणि काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावी. दुकानदार अशा बॅटऱ्या वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, हेही तेथे पाहायला मिळाले.

मग पॅनेलचा विषय निघाला. माझ्या टॅबलेटची काच, टच आणि एलसीडी एकत्र चिकटवलेली असल्याने तिन्ही मिळून एकच ‘कॉम्बो’ बदलावा लागतो; ज्या मॉडेलांत टच वेगळा असतो, तेथे खर्च बराच कमी येतो. ओरिजिनल कॉम्बो बाजारात नव्हता आणि कॉपीचे दोन दर्जे होते. दुकानदाराने दोन्ही आळीपाळीने पट्टीला जोडून, चिकटवण्याआधीच लावून दाखवले. स्वस्तातल्या पॅनेलवर सोने पितळेसारखे दिसत होते, महागड्यावर ते सोनेच दिसत होते, जरा फिके. मी महागडे घेतले: पॅनेलचे चव्वेचाळीसशे आणि बॅटरीचे अठराशे, मिळून सहा हजार दोनशे. यंत्रातील माहितीला हातही लागला नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. ‘परवा देतो’ हा शब्द पाळला गेला नाही आणि विचारणा करण्यासाठी केलेले फोन बराच काळ उचलले गेले नाहीत. नव्या पॅनेलची उजेडाची क्षमता मूळ स्क्रीनपेक्षा कमी आहे. दुकानात ते जाणवत नाही, महाद्वार रोडवर भर दुपारी उघड्यावर नमुना दाखवताना चांगलेच जाणवते. डाव्या खालच्या कोपऱ्यात काचेखाली धुळीचा एक कण राहिला होता, तो दाखवताच त्यांनी कुरकुर न करता काच पुन्हा उचलून काढला. टच आणि रंग यांबाबत आजवर काही तक्रार नाही, डागही पुन्हा पडलेला नाही.

महाग यंत्र असेल, ओरिजिनल पॅनेलच हवे असेल किंवा कंपनीशी वाद चालवायचा असेल, तर केंद्रात जावे आणि जॉब शीटवर बॅटरीची स्थिती लिहून मागावी. तसे लिहायला केंद्राने नकार दिला, तर तो नकारही ईमेलने नोंदवावा. मध्यम किमतीच्या टॅबलेटसाठी मी शाहूपुरीलाच जाईन. त्या दुकानात पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळाले तेही ‘डिस्प्ले + बॅटरी’ एवढ्याच मजकुराचे होते. पॅनेलचा दर्जा, तीन महिन्यांची गॅरंटी रेघ आणि टच या दोन्हींसाठी आहे ही गोष्ट, आणि यंत्राचा अनुक्रमांक हे तिन्ही मी त्यांच्यासमोर बिलावर लिहून घेऊन खाली सही घेतली. त्यांनी ती हसत दिली, फक्त पेन माझे वापरावे लागले.