एमओसी भरताना: जॉइंट फोकल पॉइंट की शेअर्ड?

विकसनशील देशांतील प्रकल्पांना उत्सर्जन कपातीसाठी विक्रीयोग्य कार्बन श्रेये देणाऱ्या स्वच्छ विकास यंत्रणेत, म्हणजे सीडीएममध्ये, प्रकल्प नोंदवताना सहभागींनी कार्यकारी मंडळाशी आणि बॉन येथील सचिवालयाशी पत्रव्यवहार कोणामार्फत करायचा, हे एका निवेदनपत्रात लिहून द्यावे लागत असे. या क्षेत्रातील सगळे त्याला एमओसी (मोडॅलिटीज ऑफ कम्युनिकेशन) म्हणतात. पॅरिस कराराच्या कलम ६.४ खालील नव्या यंत्रणेतही असे निवेदन द्यावे लागते, त्यामुळे हा प्रश्न जुना झालेला नाही. प्रकल्प आराखडा, यजमान देशाचे मंजुरीपत्र आणि श्रेयांचा खरेदी करार यांच्या धावपळीत हे पत्र बहुधा शेवटच्या आठवड्यात भरले जाते आणि फोकल पॉइंट, म्हणजे सर्वांच्या वतीने हा पत्रव्यवहार करणारा, एकल असावा, शेअर्ड असावा की जॉइंट, याचा निर्णय पाच मिनिटांत होतो. मी हा निर्णय दोन प्रकल्पांसाठी दोन वेगळ्या प्रकारे घेतला. त्यातून माझे जे मत बनले, ते निर्णय घेण्याच्या टप्प्यावर असलेल्या वाचकांसाठी मांडत आहे.

एकल फोकल पॉइंटबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सहभागी एकच असेल तर बहुधा तोच मार्ग असतो. दोन सहभागी असताना खरेदीदारालाच एकल फोकल पॉइंट नेमल्यास मात्र सीईआर, म्हणजे प्रकल्पाला मिळालेली प्रमाणित कार्बन श्रेये, कोणत्या खात्यात पाठवायचे हे सांगण्याचा अधिकार प्रकल्पमालकाच्या हातून जातो आणि तो परत मिळवायचा झाल्यास नव्या निवेदनपत्रावर त्याच खरेदीदाराची सही लागते. सुरुवातीच्या काळात अनेकांनी खरेदीदाराच्या आग्रहाखातर हे मान्य केले होते. आज कोणी तसे सुचवल्यास किमान चार दिवस विचार करावा, एवढेच मी म्हणेन.

खरी निवड उरते ती शेअर्ड आणि जॉइंट यांत. बँकेतील जोड खाते डोळ्यांसमोर आणले तर फरक लगेच कळतो: शेअर्डमध्ये दोघांपैकी कोणाही एकाची सही चालते, जॉइंटमध्ये प्रत्येक पत्रावर दोघांची सही लागते. शिवाय ही नेमणूक तीन कक्षांसाठी, म्हणजे कामाच्या तीन प्रकारांसाठी, स्वतंत्रपणे करता येते. पहिली कक्षा सीईआर खात्यात पाठवण्याच्या विनंतीची. दुसरी सहभागी किंवा फोकल पॉइंट वाढवणे, त्यांची माघार, कंपनीचे नाव, संपर्क तपशील आणि नमुना सह्या बदलणे यांची. आणि तिसरी उरलेल्या सर्व पत्रव्यवहाराची. तिन्ही रकान्यांत एकच खूण करण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. पहिल्या वेळी मीही तेच केले.

तो प्रकल्प पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याचा, बगॅसवरील सहवीजनिर्मितीचा होता. खरेदीदार युरोपातील होता. संचालक मंडळाला 'आमच्या सहीशिवाय काहीही हलता कामा नये' अशी खात्री हवी होती आणि ती अपेक्षा योग्यच होती. म्हणून आम्ही तिन्ही कक्षांसाठी जॉइंट निवडले. नोंदणी झाली, पडताळणी झाली, सीईआर जारीही झाले. इथपर्यंत फोकल पॉइंटच्या सह्यांचा प्रश्न फारसा आला नाही, कारण सीईआर जारी करण्याची विनंती पडताळणी करणारी संस्था करते. अडचण आली ती त्यानंतर. जारी झालेले सीईआर आधी कार्यकारी मंडळाच्या प्रलंबित खात्यात जमा होतात आणि तेथून पुढे पाठवण्यासाठी फोकल पॉइंटची विनंती लागते. त्या विनंतीवर दोन सह्या हव्या होत्या. खरेदीदाराकडील सही करण्यास अधिकृत असलेली मुख्य व्यक्ती नोकरी सोडून गेलेली होती आणि पर्यायी व्यक्ती दीर्घ रजेवर होती. नवी व्यक्ती नोंदवावी म्हटले, तर ते काम दुसऱ्या कक्षेत येत होते आणि तीही जॉइंट असल्यामुळे त्या विनंतीवरही याच रजेवरील व्यक्तीची सही आवश्यक होती. ती परतल्यावर सही मिळाली; परंतु ती नमुना सहीशी जुळली नाही आणि पत्र परत आले. सचिवालयाला दोष देता येणार नाही, नमुन्याशी न जुळणारी सही नाकारणे हेच त्याचे काम आहे. दुसरे पत्र तयार होईपर्यंत आमच्या कारखान्याच्या कार्यकारी संचालकांची बदली झाली. नव्या संचालकांनी नमुना सही मराठीत दिली आणि विनंतीपत्रावर बँकेच्या सवयीने इंग्रजीत सही केली. पुन्हा एक फेरी झाली.

या सगळ्यात जवळपास साडेचार महिने गेले. करारानुसार काही सीईआर आमच्या वाट्याचे होते आणि ते आम्हाला बाजारात विकायचे होते. २०११ च्या पूर्वार्धात दहा युरोच्या वर असलेला भाव त्या महिन्यांत सतत उतरत होता आणि २०१२ संपताना तो एका युरोच्याही खाली गेला. आमचे नेमके किती नुकसान झाले याचा हिशेब मी कधी मांडला नाही, परंतु जारी झालेले सीईआर नोंदवहीत दिसत असताना त्यांना हात लावता येत नाही, ही अवस्था मी विसरलेलो नाही. वाद कोणाशीच नव्हता. दोन्ही बाजू सही करायला तयार होत्या.

दुसऱ्या प्रकल्पात, २०१२ च्या अखेरीपूर्वी नोंदणी मिळवण्याची घाई असतानाही, मी एमओसीसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आणि तिन्ही कक्षांसाठी शेअर्ड निवडले. शेअर्डवरील मुख्य आक्षेप मला मान्य आहे: कोणताही एक पक्ष दुसऱ्याला न विचारता सर्व सीईआर आपल्या खात्यात पाठवण्याची विनंती करू शकतो. आम्ही त्यावर उपाय म्हणून खरेदी करारातच प्रत्येकाचे प्रमाण आणि खाते लिहिले, विनंती पाठवण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाला सात दिवसांची लेखी सूचना देण्याचे कलम घातले आणि ते मोडल्यास भरपाईही ठरवली. पुढील सर्व हस्तांतरणे एका सहीवर झाली आणि आमचा अनुभव चांगला राहिला. अर्थात तो एकाच खरेदीदाराचा अनुभव आहे आणि कराराची अंमलबजावणी परदेशी न्यायालयात करून घेण्याची वेळ आमच्यावर आली नाही, हेही नमूद करायला हवे.

म्हणूनच ज्यांचा खरेदीदार नवखा आहे, किंवा ज्यांच्या संचालक मंडळाला दोन सह्यांशिवाय समाधान वाटत नाही, त्यांनी पहिली कक्षा जॉइंट ठेवण्यास माझी हरकत नाही. परंतु दुसरी कक्षा जॉइंट ठेवू नये, असे मी जरा आग्रहानेच सांगेन, कारण जॉइंट व्यवस्थेत अडकलेली सही सोडवण्याचे दार तेच आहे आणि त्यालाही दोन कुलुपे लावली तर बाहेर पडायला वाट उरत नाही. नंतर बदल करू असे म्हणणेही सोपे नाही, कारण फोकल पॉइंट बदलायचे तर नव्या निवेदनपत्रावर सर्व सहभागींच्या सह्या लागतात. सहकारी संस्थांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते आणि कार्यकारी संचालक त्याआधीही बदलू शकतात, तर सीडीएम प्रकल्पाचा श्रेय कालावधी, म्हणजे श्रेये मिळण्याची मुदत, सात वर्षांचा, नूतनीकरणासह एकवीस वर्षांपर्यंतचा, किंवा नूतनीकरणाविना दहा वर्षांचा असे. आमच्या दुसऱ्या प्रकल्पात पर्यायी अधिकृत व्यक्ती म्हणून आम्ही अध्यक्षांऐवजी लेखा विभागातील एका कायम कर्मचाऱ्याचे नाव दिले आणि ती व्यक्ती ज्या लिपीत रोज सही करते, त्याच लिपीत तिची नमुना सही घेतली.