‘अपूर्ण’ ऐकू येतं ‘पूर्ण’: लिनक्सवरच्या साउंड ड्रायव्हरसोबत आठ महिने

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी धाकटीचा फोन आला. ‘ताई, फॉर्म झाला बरं का. शेवटच्या रकान्यात पूर्ण आलंय.’ परीक्षेचा अर्ज होता, मुदतीला दोन दिवस राहिले होते. एकदा बघून घ्यावं म्हणून मी तिच्या लॉगिनने मोबाइलवर तेच पान उघडलं. रकान्यात लिहिलं होतं ‘अपूर्ण’. सहीचा फोटो चढलाच नव्हता.

धाकटीला दिसत नाही. ती ऑर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरते आणि मराठी वाचायला त्याच्यामागे ईस्पीक-एनजी हा मजकुराचा आवाज करणारा प्रोग्रॅम असतो. ईस्पीकने ‘अपूर्ण’च म्हटलं होतं. पहिला ‘अ’ साउंड कार्ड जागं होण्यात गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हा दोष मी जुलैमध्येच दुरुस्त केला होता आणि तो परत आल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं.

लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर आवाज कसा सुरू करायचा याबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, पण ते बहुतेक ‘आवाज आला’ इथे संपतं. आमचा खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. तरी आधीचंही सांगते, कारण त्यात पैसे वाचण्यासारखं आहे.

लॅपटॉप जूनमध्ये घेतला. रीफर्बिश्ड, इंटेलच्या दहाव्या पिढीचा, १९,५०० रुपये. डेबियन १२, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, दुकानदारानेच टाकून दिलं होतं. घरी आणून सुरू केला तर आवाज नाही. सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी फक्त ‘डमी आउटपुट’. दुसऱ्या कोणाला दोन दिवस आवाजाशिवाय काढता येतात. धाकटीसाठी तो लॅपटॉप म्हणजे झाकण लावलेला डबा. दुकानात परत नेला तर पाच मिनिटांत निदान झालं: साउंडचा आयसी गेलाय, बोर्डाचं काम आहे, ३,५०० रुपये. वॉरंटीचं विचारलं तर उत्तर मिळालं की लिनक्सवर वॉरंटी बसत नाही. लिनक्स त्यांनीच टाकलं होतं, हे मी काउंटरवर तीनदा सांगितलं. मशीन उचललं आणि बाहेर पडले.

वाटेत २२० रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घेतलं. हे प्रत्येकाने आधी करून बघावं. असली कार्डं यूएसबीच्या ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे चालतात, त्यांना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, शोधावा लागत नाही. खोचल्याबरोबर आवाज आला. म्हणजे ऑर्का, ईस्पीक, आवाज कार्डापर्यंत पोचवणारं पाइपवायर सगळं धड होतं, अडचण आतल्या कार्डापुरती होती. धाकटी म्हणाली, हेच राहू दे. पण ती हॉस्टेलवर राहते, लॅपटॉप सॅकमध्ये टाकून क्लासला जाते. बाहेर डोकावणारा तो तुकडा एखाद्या दिवशी पोर्टासकट तुटला असता.

मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (तो लिहून ठेवतो त्या नोंदी) वाचायला बसले. दोनच ओळी महत्त्वाच्या होत्या. पहिलीत म्हटलं होतं की डिजिटल माइक सापडले, म्हणून एसओएफ ड्रायव्हर वापरतोय. दुसरीत एसओएफ-सीएमएल नावाची फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल उघडताना उणे २ ही चूक. उणे २ म्हणजे फाइल जागेवर नाही. आयसी शाबूत होता. हवी होती ती एक फाइल, आणि तिची किंमत ३,५०० रुपये सांगितली गेली. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

यातलं मर्म मला तेव्हा माहीत नव्हतं. जुन्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि स्पीकरच्या मधे फक्त कोडेक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप, असतो आणि एसएनडी-एचडीए-इंटेल हा ड्रायव्हर त्याच्याशी थेट बोलतो. नव्या लॅपटॉपमध्ये माइक डिजिटल असतात आणि ते इंटेलच्या चिपमधल्या डीएसपी या आवाजाच्या छोट्या प्रोसेसरला जोडलेले असतात. त्या डीएसपीला स्वतःचा प्रोग्रॅम लागतो, तो म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, एसओएफ. त्याचा सोर्स खुला आहे, पण बाजारातले बहुतेक लॅपटॉप फक्त इंटेलची सही असलेली प्रतच स्वीकारतात. म्हणून डेबियनमध्ये ते पॅकेज फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड या नावाने नॉन-फ्री-फर्मवेअर या विभागात ठेवलंय. हा विभाग डेबियन १२ पासून वेगळा झाला. पॅकेज कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या आमच्या मशिनच्या सोर्सेसच्या यादीत तो नव्हताच.

पण हे समजेपर्यंत मी आडवाट धरली होती. मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल टाकायची, त्यात एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी या मॉड्यूलला (कर्नलच्या एका तुकड्याला) डीएसपी-ड्रायव्हर बरोबर १ असं सांगायचं. म्हणजे डीएसपी सोडून दे, जुन्या ड्रायव्हरनेच चाल. रीबूट केलं आणि स्पीकर-टेस्ट चालवली. डावीकडून ‘फ्रंट लेफ्ट’, उजवीकडून ‘फ्रंट राइट’. धाकटी शेजारच्या खोलीतून भिंतीला हात लावत आली आणि लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना कान लावून तेच शब्द पुनःपुन्हा ऐकत बसली. या लॅपटॉपने मला दिलेला सगळ्यात मोठा आनंद तो.

त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. चार दिवसांनी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे माइक नाही, कारण माइक डीएसपीलाच जोडलेला आणि तो तर मी वगळला होता. दुसरी गोष्ट धाकटीने सांगितली: ‘ताई, थोडा वेळ गप्प राहिला की पुढच्या वेळी तो शब्दाची सुरुवात गिळतो. आधी टक् होतं, मग अर्धा शब्द.’

या ‘टक्’ने माझे आठ महिने खाल्ले. वीज वाचवण्यासाठी कोडेक थोडा वेळ काम नसलं की झोपतो. आवाज आला की उठतो, उठताना टक् करतो आणि उठेपर्यंतचा आवाज वाया जातो. गाण्यात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. स्क्रीन रीडर मात्र एक शब्द बोलतो, थांबतो, पुन्हा एक शब्द बोलतो. त्यात धाकटी ईस्पीक इतक्या वेगात लावते की मला त्यातलं अक्षर कळत नाही. कार्डाला उठायला लागणारा वेळ तेवढाच राहतो, पण बोलणं भरभर चाललेलं असतं, म्हणून तेवढ्याच वेळात जास्त अक्षरं जातात. आणि मराठीत नकार पुष्कळदा शब्दाच्या सुरुवातीला असतो. अमान्य, अपूर्ण, अपात्र. पहिलं अक्षर गेलं की अर्थ नुसता धूसर होत नाही, सरळ उलटा होतो. ज्यांना हा दोष किरकोळ वाटतो त्यांनी डोळे मिटून एखादा सरकारी अर्ज भरून बघावा.

याचा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे एसएनडी-एचडीए-इंटेलला पॉवर-सेव्ह बरोबर ० द्यायचं. दिलं. टक् गेला, अक्षरं परत आली. मग मी माइकच्या मागे लागले. सोर्सेसमध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर घातलं, एसओएफचं पॅकेज बसवलं, डीएसपी-ड्रायव्हरची ओळ काढली, रीबूट केलं. स्पीकर चालू, माइक चालू. आणि टक् परत.

पॉवर-सेव्हची फाइल जागच्या जागी होती. तिचं स्पेलिंग मी दहा वेळा तपासलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की ती सूचना ज्या ड्रायव्हरला उद्देशून आहे तो आता गाडी चालवतच नाही. चालवतोय एसओएफ आणि त्याला ती लागू नाही. कोणतीही चूक दाखवली जात नाही. हा सल्ला देणाऱ्यांनी निदान एवढं एक वाक्य जोडावं: आधी टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा ‘-k’ जोडून चालवून बघा, तुमच्या कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय.

मग लगाम वरच्या मजल्यावर हातात आला. ड्रायव्हर हा तळमजला, त्याच्यावर पाइपवायर, आणि पाइपवायरचा कारभार वायरप्लंबर बघतो. पाच सेकंद आवाज नसला की वायरप्लंबर कार्ड बंद करतो, आणि बंद झालं की ते झोपायला मोकळं. त्याला सांगायचं की बंदच करू नकोस: सेशन-सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स बरोबर ०. डेबियन १२ मध्ये वायरप्लंबर ०.४ आहे, त्याची सेटिंग ल्युआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहावी लागतात. लिहिली. जुलैच्या शेवटी आवाज, माइक, पहिलं अक्षर सगळं जागेवर आलं. बॅटरी साधारण पंधरा मिनिटं कमी टिकते असं धाकटी म्हणते. चालेल.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला अपग्रेड केलं. आवाज येतोय ना, माइक चालतोय ना, बघितलं आणि लॅपटॉप हॉस्टेलवर पाठवून दिला. डेबियन १३ मध्ये वायरप्लंबर ०.५ आहे आणि ०.५ ल्युआतली सेटिंग वाचत नाही. त्याला वायरप्लंबर.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये नव्या पद्धतीची फाइल लागते. माझी जुनी फाइल होती तिथेच होती, फक्त ती कोणी उघडत नव्हतं. ‘अपूर्ण’चं ‘पूर्ण’ झालं ते यामुळे. धाकटीला टक् जाणवत होता, पण ताईने एवढी खटपट केली म्हणून ती बोलली नाही. हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. फॉर्म त्याच रात्री सहीच्या फोटोसह पुन्हा भरला.

नवी फाइल मी फोनवर सांगितली, तिने स्वतः टाइप केली. मॉनिटर-अल्सा-रूल्स, मग अपडेट-प्रॉप्स, मग तीच जुनी ओळ. वायरप्लंबर रीस्टार्ट केला. एक कंस राहिला होता, तो तिनेच लॉगमधून शोधला.

तर मत काय? या लॅपटॉपसाठी लागणारे ड्रायव्हर सगळे कर्नलमध्येच आहेत. चिप बनवणाऱ्यांकडून काहीतरी उतरवून कंपाइल करा, पाइपवायरआधी तेच काम करणारं पल्सऑडिओ उखडून पुन्हा बसवा असले जुने सल्ले ऐकू नका, मी त्यात एक रविवार घालवलाय. १९९८ मध्ये यारोस्लाव किसेलाने एका साउंड कार्डासाठी ड्रायव्हर लिहायला घेतला, त्यातून अल्सा, म्हणजे कर्नलमधली साउंड ड्रायव्हरांची व्यवस्था, उभं राहिलं आणि आजही तळाशी तेच आहे. विम टायमन्सने सुरू केलेल्या पाइपवायरमुळे वरचं कामही पूर्वीपेक्षा पुष्कळ सरळ झालंय. या माणसांचं मला खरंच मोल वाटतं, आम्ही कोणालाही एक रुपया दिलेला नाही. तरीही पाच सेकंदांची ती मर्यादा स्क्रीन रीडर चालू असताना आपोआप शून्य व्हायला हवी. ऑर्का चालू आहे हे डेस्कटॉपला माहीत असतं. घरात फाइल लिहून देणारी ताई प्रत्येकाला नसते. एवढ्यासाठी मी एक तारा कापते, पाचपैकी चार.

यूएसबी कार्ड विकलं नाही, ते धाकटीच्या कंपासपेटीत आहे. अपग्रेडनंतरची तपासणीही आता तीच करते. ‘अपात्र’ हा एकच शब्द असलेली फाइल ठेवलीय, दहा सेकंद थांबते आणि ऑर्काला ती वाचायला लावते. डिसेंबरमध्ये कर्नल बदलला तेव्हा तिचा मेसेज आला: ‘ताई, अपात्रच आहे.’