ड्रॉपर पोस्ट घ्यावी का? मनालीच्या पाइनमधून आणि आपल्या गोव्याच्या काजूच्या भाटांतून (बागांतून) चालवून झाल्यावर

पाऊस ओसरला की आमच्या रविवारच्या कंपूत हा विषय निघतोच, ड्रॉपर खरंच लागते की नुसती शायनिंग, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: सायकलच्या सीटखालचा दांडा एरवी फिक्स असतो, त्याच्या जागी वरखाली होणारा दांडा बसवायचा, हँडलवर डाव्या अंगठ्याशी एक लिव्हर, ती दाबून सीटवर वजन टाकलं की सीट खाली, परत दाबून उठलं की आतल्या हवेच्या दाबाने सटकन वर, आणि लिव्हर सोडाल तिथे लॉक. माझी 150 एमएम वरखाली होणारी, 30.9 एमएम जाडीची, केबल फ्रेमच्या आतून जाणारी. मेक लिहीत नाही, या किमतीतल्या साधारण एकाच जातीच्या असतात.

मे महिन्यात सायकल खोक्यात भरून मनालीला नेली होती. देवदार आणि पाइनचं जंगल, वाट हँडलपेक्षा जेमतेम रुंद, आणि वर सुक्या सुयांचा थर. मिरामारला नाहीतर केरीला सुरूच्या बनात ज्यांनी सायकल घातलीय त्यांना तो थर कसा सरकतो ते माहीत आहे, फक्त इथे खाली वाळू आणि तिथे मुळं. वाटेला आडवी, गुळगुळीत, सकाळची दवाने ओली. त्यांच्यावर ब्रेक दाबला की चाक गेलंच समजा, म्हणून ब्रेक आधी मारायचा आणि मुळावरून चाक मोकळं सोडायचं. बोलायला सोपं आहे, पण त्यासाठी पेडल समांतर, टाचा खाली, कोपरं बाहेर, आणि सायकल तुमच्या खाली हवी तशी नाचायला जागा पाहिजे. सीट वर असली की ती जागाच नसते, पोटात टोचते नाहीतर मांडीला अडते, मग माणूस घाबरून सीटच्या पार मागे लटकतो, पुढच्या चाकावरचं वजन जातं आणि वळण घ्यायला गेलं की पुढचं चाक सरळ झाडाकडे. सीट खाली गेली की मागे लटकायची गरजच नाही, नुसतं वाकून खाली बसता येतं, वजन दोन्ही चाकांच्या मध्ये राहतं. उंच पायरीवरून उतरताना तर फरक लगेच कळतो.

पण खरं सांगू, मनालीला ड्रॉपरचे पैसे वसूल झाले नाहीत. तिथे जीपने वर सोडतात, वरती एकदा सीट खाली घेतली की तळापर्यंत उतारच, हे काम साध्या क्लॅम्पनेही (दांडा आवळायच्या कडीनेही) झालं असतं.

पैसे वसूल झाले ते इकडे. साखळी-वाळपईकडच्या नाहीतर फोंड्याच्या मागच्या वाटा आठवा, काजूच्या भाटातून जांभ्याच्या दोनचार खडबडीत पायऱ्या, त्यावर पाल्याचा गालिचा, खाली ओहोळ, आणि ओहोळ संपायच्या आत समोर चढ. परत सपाट, परत उतार, मध्येच सोडून दिलेल्या चिरेखाणीची कड. दर उताराला उतरून सीट खाली घ्यायची आणि दर चढाला परत वर, असं कोण करणार, मग सगळेच सीट वर ठेवून उतार काढतात आणि पायऱ्या आल्या की सायकल खांद्यावर. आमचे उतार छोटे म्हणून ड्रॉपर कशाला असं म्हणणारे मला नेमकं उलटं बोलतात असं वाटतं, उतार छोटे आणि सारखे बदलणारे आहेत म्हणूनच ती अंगठ्याखाली पाहिजे.

ही काय नवीन चैन नाही बरं का. 1984 मध्ये जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली होती, सीट खालीवर झाली तरी वाकडी न होता जागेवर येणारी. आणि 2022 ला मातेय मोहोरिचने मिलान-सानरेमो ही रोड सायकलची शर्यत जिंकली ती सायकलला ड्रॉपर लावून, शेवटच्या पोज्जो टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकून. रोडवाल्यांनी हसायचं बंद करा.

आता त्रास. आपली लाल धूळ बारीक असते, वरच्या सीलमध्ये घुसते आणि दांडा करकरायला लागतो, प्रत्येक राइडनंतर ओल्या फडक्याने पुसा, पाण्याचा जेट मारू नका. पावसाळ्यात केबल जड होते, समुद्राजवळ राहत असाल तर आणखी लवकर, चतुर्थीच्या आसपास इनर (केबलची आतली तार) बदलून टाका, स्वस्त असते. एका दुकानात माझा सीट क्लॅम्प जोर लावून आवळून दिला होता आणि पोस्ट मुंगीच्या गतीने वर यायला लागली, मला वाटलं कार्ट्रिज (दांड्यातली हवेची नळी) गेलं, क्लॅम्प थोडा सैल केला तर ठणठणीत. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका, बऱ्याच कार्ट्रिजमध्ये त्याने हवा घुसते आणि सीट स्पंज होते. वजन साध्या दांड्यापेक्षा तीनचारशे ग्रॅम जास्त, ते मला तरी जाणवत नाही.

घ्यायच्या आधी जुना दांडा काढून त्यावरचा आकडा वाचा, 27.2, 30.9, 31.6, जो असेल तोच, अंदाजाने मागवू नका. फ्रेममध्ये दांडा किती खोल जातो तेही मोजा, बाटलीच्या स्टँडचे स्क्रू आत आलेले असतात नाहीतर पाइपला बाक असतो, मग 150 मागवून 120 वर यावं लागतं. पुढे तीन चकत्यांवाली जुनी सायकल असेल तर डावीकडे गिअरचा शिफ्टर आधीच बसलेला असतो, तेव्हा हँडलच्या वर बसणारी लिव्हर बघा.

आणि ब्रेक अजून वायरचे असतील, टायर गुळगुळीत झाले असतील, तर हे सगळं राहू दे, आधी ते करा. पणजी ते दोनापावला आणि परत, एवढंच ज्यांचं चालतं त्यांनी तर बिलकुल घेऊ नका, ते पैसे चांगल्या लाइटला आणि हेल्मेटला लावा.