पॅरामॅटा ईल्सचे हंगामी सदस्यत्व : पूर्ण हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव, आणि मैदान कधी भरते याविषयी थोडे

सिडनीच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने २०२५ च्या हंगामासाठी पॅरामॅटा ईल्स या रग्बी लीग संघाचे राखीव आसनांचे सदस्यत्व घेतले आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ते वापरले. अशा सदस्यत्वाविषयी लिहिताना लोक सहसा आसनाची किंमत, तिथून दिसणारे दृश्य आणि सोबत मिळणारी टोपी किंवा मफलर यांविषयी लिहितात. मला मात्र पहिल्या काही आठवड्यांतच एक गोष्ट जाणवली. तेच आसन, तोच संघ आणि तेच पैसे असूनही भरलेल्या मैदानात बसण्याचा आनंद आणि अर्ध्या रिकाम्या मैदानात बसण्याचा आनंद यांत फार मोठा फरक असतो. म्हणून पुढे हंगामभर मी खेळाइतकेच स्टँडकडेही लक्ष देत राहिले. प्रेक्षक कधी येतात आणि कधी येत नाहीत, याविषयी माझे जे मत बनले आहे, ते सदस्यत्व घेऊ इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. इंग्लंडच्या उत्तर भागातील क्लबांनी १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे मूळ रग्बी संघटनेपासून फारकत घेतली. कामगार खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, हे त्या वादाचे मुख्य कारण होते. त्या फुटीतून रग्बी लीग जन्माला आली आणि १९०८ पासून ती सिडनीत खेळली जाऊ लागली. प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू, ऐंशी मिनिटांचा सामना आणि चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत (म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या खेळाडूला सहा वेळा धरून रोखेपर्यंत) मिळणारी संधी, एवढे कळले की सामना पाहता येतो. आजच्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनआरएलमध्ये, २०२५ साली सतरा संघ होते आणि प्रत्येकाला साखळीत चोवीस सामने खेळायचे होते. ईल्सची स्थापना १९४७ ची आहे. त्यांनी १९८१, १९८२, १९८३ आणि १९८६ अशी चार विजेतेपदे मिळवली. त्यानंतर २००१, २००९ आणि २०२२ मध्ये अंतिम फेरी गाठूनही त्यांच्या हाती विजेतेपद लागलेले नाही.

मैदानाविषयी मला मनापासून चांगलेच लिहायचे आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या पॅरामॅटाच्या या नव्या स्टेडियमची क्षमता सुमारे ३० हजार आहे. त्याचे स्टँड इतके उभे चढत गेलेले आहेत की वरच्या रांगेतूनही खेळाडूंच्या धडका जवळून पाहिल्यासारख्या वाटतात. ईस्टर सोमवारी झालेल्या पहिल्याच सामन्यात ईल्सने वेस्ट टायगर्सचा ५१-६ असा पराभव केला होता. त्याआधीचे दोन हंगाम, म्हणजे २०१७ आणि २०१८ मध्ये, नवे बांधकाम चालू असल्यामुळे संघाला सिडनीतल्याच होमबुश उपनगरातील ८० हजारांहून अधिक क्षमतेच्या मोठ्या स्टेडियममध्ये घरचे सामने खेळावे लागले. तिथे पंधरा हजार लोक आले तरी मैदान ओस दिसते, आणि आपण चुकीच्या ठिकाणी येऊन बसलो आहोत अशी भावना आलेल्या प्रेक्षकांच्याच मनात निर्माण होते. पॅरामॅटात तेवढेच लोक आले तरी निम्मे मैदान भरते आणि आवाज छताखाली घुमतो. प्रेक्षकसंख्येची चर्चा करताना क्षमतेचा हा मुद्दा बहुधा सुटतो. रिकाम्या खुर्च्या पाहून गेलेला माणूस पुढच्या वेळी यायला कां-कू करतो. अर्थात मोठे मैदान प्रसंगी भरतेही. १९९९ च्या मार्चमध्ये, हंगामाच्या पहिल्याच फेरीत, होमबुशला एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने ठेवले गेले आणि ते पाहायला १,०४,५८३ लोक आले. त्यांतल्या एका सामन्यात पॅरामॅटाचाच संघ होता. पण ते आकर्षण नव्या वास्तूचे आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वीच्या उत्साहाचे होते, आणि अशी गर्दी दर आठवड्याला जमत नाही.

पॅरामॅटाच्या लोकांचे आपल्या मैदानाशी असलेले नाते किती तीव्र आहे, हे मला शेजारच्या रांगेत बसणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडून समजले. १९८१ मध्ये पहिले विजेतेपद मिळाले त्या रात्री आनंदाने बेभान झालेल्या चाहत्यांनी कंबरलँड ओव्हल या जुन्या मैदानाचा लाकडी स्टँडच जाळून टाकला, आणि पुढची चार वर्षे संघाला दुसऱ्या उपनगरातील मैदान वापरावे लागले. १९८६ मध्ये नवे मैदान मिळाले आणि त्याच वर्षी चौथे विजेतेपदही आले. आज पन्नाशी-साठी ओलांडलेले जे प्रेक्षक नातवंडांना घेऊन येतात, ते त्या काळाचे आहेत. निकाल काहीही लागला तरी ते येतात, आणि कमी गर्दीच्या सामन्यांतही मैदानाला जी ऊब राहते ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळते. ती गोष्ट म्हणजे सामन्याची वेळ. एका फेरीतील आठ सामने दूरचित्रवाणीच्या सोयीने गुरुवारपासून रविवारपर्यंत वाटलेले असतात. गुरुवारी रात्री ७.५० ला एक, शुक्रवारी संध्याकाळी ६ आणि रात्री ८ ला दोन, शनिवारी दुपारी ३, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ७.३५ ला तीन, आणि रविवारी दुपारी २ आणि ४.०५ ला दोन, असा साधारण क्रम असतो. यांतली शुक्रवारची सहाची वेळ घरी बसून पाहणाऱ्याला ठीक वाटत असेल, परंतु मैदानावर येणाऱ्या नोकरदार कुटुंबासाठी ती अत्यंत गैरसोयीची आहे. शहराच्या मध्यभागातील कार्यालयातून पाचला निघून, रेल्वेने पॅरामॅटाला येऊन, मुलीला घरून घेऊन, स्टेशनपासून मैदानापर्यंतचे पंधरा-वीस मिनिटांचे अंतर चालून सहाला आसनावर पोहोचणे जवळजवळ अशक्य असते. आम्ही अशा वेळी पूर्वार्ध निम्मा झाल्यावर पोहोचलो आहोत, आणि आमच्या आजूबाजूच्या ज्या खुर्च्या आम्ही पोहोचलो तेव्हाही रिकाम्या होत्या त्या मध्यंतराला भरलेल्या पाहिल्या आहेत. गुरुवारी रात्री उलट प्रकार होतो. लोक वेळेवर येतात, पण दुसऱ्या दिवशी शाळा असल्यामुळे मुले असलेली कुटुंबे मुळातच कमी दिसतात, आणि संघ मागे पडला की शेवटच्या वीस मिनिटांत जिने भरू लागतात.

हे पाहिल्यावर तिकीट महाग म्हणून लोक येत नाहीत हा नेहमीचा युक्तिवाद मला अपुरा वाटू लागला. माझ्या आसपासच्या बहुतेक आसनांचे पैसे फेब्रुवारीतच भरले गेले होते. त्या माणसांना त्या संध्याकाळी एक डॉलरही नव्याने द्यायचा नव्हता, तरीही ती आली नाहीत. त्यांनी तिकिटाचा हिशेब केलेला नव्हता. थकवा, जेवण, मुलांची झोप आणि परतीचा प्रवास यांचा हिशेब केलेला होता. रविवारी दुपारी दोनचा सामना असला की तीच कुटुंबे आजी-आजोबांसह हजर असतात. शनिवारची दुपारही चांगली, परंतु त्या दिवशी सकाळी हजारो मुले स्वतः उपनगरांतील मैदानांवर खेळत असतात, त्यामुळे दुपारी पुन्हा बाहेर पडायला पालकांचा उत्साह उरत नाही. प्रक्षेपणाच्या हक्कांतून स्पर्धेला आणि क्लबांना मोठे उत्पन्न मिळते, हे मला मान्य आहे. त्या पैशाशिवाय खेळाडूंचे पगार निघणार नाहीत. तरीही दूरचित्रवाणीवर दिसणारे भरलेले स्टँड हासुद्धा त्या प्रक्षेपणाच्या मूल्याचाच भाग आहे, आणि ते भरायचे असतील तर शुक्रवारच्या सहाच्या वेळेचा फेरविचार झालाच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

वेळेच्या खालोखाल प्रतिस्पर्धी कोण आहे याचा परिणाम होतो. एकट्या सिडनी परिसरात नऊ क्लब आहेत. कँटरबरी बुलडॉग्ज, वेस्ट टायगर्स किंवा पेनरिथ पँथर्स आले की पाहुण्या संघाचे हजारो लोक सोबत येतात. बुलडॉग्जशी असलेली स्पर्धा तर ऐंशीच्या दशकापासूनची आहे, आणि त्या सामन्यात दोन्हीकडच्या घोषणा ऐकणे हा स्वतंत्र आनंद आहे. न्यूझीलंडचा वॉरियर्स संघ दुरून येतो, पण पश्चिम सिडनीत स्थायिक झालेल्या माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील कुटुंबांमुळे त्यालाही भरपूर पाठिंबा मिळतो. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या संघांबरोबर एवढे लोक येत नाहीत. नऊ क्लब असण्याची दुसरी बाजू अशी की एकाच महानगरातील प्रेक्षक नऊ ठिकाणी विभागले जातात. ब्रिस्बेन ब्रॉन्कोसची सरासरी प्रेक्षकसंख्या तीस हजारांच्या वर असते. त्यामागे संघाचा दर्जा तर आहेच, परंतु ते अनेक वर्षे त्या शहरातील एकमेव संघ होते, त्यांचे मैदान शहराच्या मध्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि सामन्याच्या तिकिटातच सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास समाविष्ट असतो. पॅरामॅटाची ब्रिस्बेनशी थेट तुलना करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

संघाच्या कामगिरीचा प्रभाव मला वाटत होता त्यापेक्षा संथ निघाला. २०२२ मध्ये अंतिम फेरीत पेनरिथकडून २८-१२ असा पराभव झाल्यानंतर ईल्स २०२३ मध्ये दहावे आणि २०२४ मध्ये पंधरावे आले. २०२५ मध्ये जेसन राइल्स हे नवे प्रशिक्षक आले, पण हंगामाची सुरुवातच मेलबर्नकडून ५६-१८ अशा दारुण पराभवाने झाली आणि मिचेल मोझेस हा प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे सुरुवातीच्या सामन्यांत नव्हता. तरीही सदस्यांच्या रांगा लगेच रिकाम्या झाल्या नाहीत. फरक पडला तो ऐनवेळी तिकीट काढून येणाऱ्यांच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यांतील स्टँडमध्ये. मोझेस परतल्यावर तिथे पुन्हा हालचाल दिसू लागली. हंगामाच्या उत्तरार्धात खेळ सुधारत गेला, शेवटच्या फेरीत न्यूकॅसलला जाऊन संघाने ६६-१० असा विजय मिळवला आणि अकरावे स्थान गाठले. या सुधारणेचा खरा लाभ प्रेक्षकसंख्येला पुढच्या हंगामात होईल असा माझा अंदाज आहे, कारण सदस्यत्वाचा निर्णय माणूस मागच्या आठवणीवर घेतो.

निकाल जितका अनिश्चित तितके प्रेक्षक अधिक, असा एक सिद्धांत अर्थशास्त्रात आहे. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलच्या संदर्भात तो मांडला होता. सिडनीच्या स्पर्धेत १९९० पासून लागू असलेल्या पगाराच्या मर्यादेमागेही सर्व संघ तुल्यबळ राहावेत हाच विचार आहे. माझ्या निरीक्षणात मात्र सामना चुरशीचा होईल की नाही यावर लोकांचे येणे फारसे अवलंबून दिसले नाही. त्यांचे शेवटपर्यंत थांबणे मात्र नक्की त्यावर ठरते. येण्यामागे सवय, ओळख आणि सोय यांचा वाटा मोठा आहे. मे ते जुलै या काळात न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड यांच्यातील स्टेट ऑफ ओरिजिनचे तीन सामने होतात, तेव्हा क्लबांचे उत्तम खेळाडू राज्याच्या संघात जातात आणि त्या आठवड्यांतील क्लबचे सामने फिके वाटतात. त्यातच जूनमध्ये सूर्य पाचच्या आधी मावळतो आणि पश्चिम सिडनीतील रात्री बोचऱ्या थंड असतात. पाऊसही त्यात आला, तर तो सामना घरी पाहण्याचा मोह सदस्यालाही आवरत नाही.

प्रवासाची सोय मात्र या हंगामात वाढली. डिसेंबर २०२४ मध्ये वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड अशी पॅरामॅटा लाइट रेल सुरू झाली, आणि प्रिन्स आल्फ्रेड स्क्वेअरच्या थांब्यावरून मैदान थोड्याच अंतरावर आहे. वेस्टमीडकडे राहणाऱ्यांनी गाडी घेऊन जाण्याचा विचार करू नये. सामन्यानंतर ओकॉनेल स्ट्रीटवर वाहने बराच वेळ हलत नाहीत. ज्या शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी रेल्वेऐवजी बस धावतात, त्या दिवसाचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.

मराठी वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थविल या मैदानाच्या अगदी जवळच्या भागांत भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि तरीही स्टँडमध्ये आपली माणसे तुरळक दिसतात. क्रिकेट हा आपला खेळ असल्यामुळे दुसरा नको, इतके हे सोपे नाही. हा खेळ आपल्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो, आणि घरात त्याची आठवण नसते. आमच्या घरात तो मुलीच्या शाळेतून आला; तिला नियम कळले, तिने आम्हाला शिकवले. क्लबने या वस्तीकडे मनापासून लक्ष दिले, तर वरचे कोपरे भरण्यासाठी दूर जाण्याची गरज पडणार नाही. आम्ही दुपारच्या सामन्यांना विग्रॅम स्ट्रीटवर जेवून चालत निघतो. संपूर्ण दिवस चांगला जातो आणि वाटेत निळ्या-सोनेरी जर्सीतली माणसे भेटू लागतात.

सदस्यत्व घेण्यापूर्वी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. कागदावर दिसणारे सर्व घरचे सामने घराजवळ होत नाहीत. ईल्सने गेली अनेक वर्षे त्यांतला एक सामना सिडनीहून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या डार्विनला नेला आहे, आणि मे महिन्यात ब्रिस्बेनला होणाऱ्या मॅजिक राउंडमध्येही (म्हणजे ज्या फेरीचे सगळे सामने एकाच मैदानावर होतात तिच्यातही) यजमानपद ज्याच्याकडे येते त्या क्लबचा एक सामना हातचा जातो. उलटपक्षी, पॅरामॅटाच्याच मैदानावर होणारा प्रत्येक सामना आपल्या सदस्यत्वात येतोच असेही नाही. २०२५ चा ईस्टर सोमवारचा सामना तिथेच झाला, पण यजमान टायगर्स होते. पेनरिथचे स्वतःचे मैदान नव्याने बांधले जात असल्यामुळे त्यांनीही २०२५ मध्ये बहुतेक घरचे सामने इथेच खेळले.

ज्यांची मुले लहान आहेत आणि ज्यांना शहरातून कामावरून परतावे लागते, त्यांनी पूर्ण हंगामाऐवजी मोजक्या सामन्यांचे सदस्यत्व घेऊन रविवारची दुपार आणि स्थानिक प्रतिस्पर्धी यांची सांगड घालावी. जे चालत जाण्याच्या अंतरावर राहतात त्यांना पूर्ण सदस्यत्व निश्चित परवडते, कारण त्यांना कोणतीही वेळ फारशी अडत नाही. आम्ही पुढच्या हंगामासाठीही नूतनीकरण केले आहे, त्याच रांगेत, बाजूच्या रेषेसमोर. नवे वेळापत्रक जाहीर झाले की शुक्रवारी सहाला किती घरचे सामने आले आहेत, हे मी सर्वांत आधी पाहणार आहे.