जुन्या गो-कार्ट (छोटी रेसगाडी) इंजिनाला रंग: इनॅमल की सिलिकॉन?

म्हापशाच्या शेडमध्ये १०० सीसीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन उघडलं, तर खाऱ्या हवेने फिन्सवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांवर, पांढरी भुकटी धरलेली. जीव हळहळला.

इंजिन इनॅमल चकचकीत, मारायला सोपा. पण साधारण २५० अंशांपुढे तग धरत नाही. क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाला, पुरेसा. सिलेंडर आणि एक्झॉस्टला मात्र मी ६०० अंशांचा सिलिकॉन रंगच घेईन, मॅट काळा. तो नुसता वाळून पक्का होत नाही. २०० अंशांच्या आसपास तापवावाच लागतो, नाहीतर पेट्रोलचा थेंब पडताच बोटाला काळं लागतं. फिन्सवर पातळ दोनच हात द्या, जाड थर उष्णता कोंडतो. आणि पावसाळ्यात, कृपा करून, डबा उघडूच नका.