दहा लिटरला एक लिटर तेल: काकांची लाकडी नाव आणि जुनं सीगल इंजिन, आठ महिन्यांनंतर

संक्रांतीच्या दिवशी चांगदेवला संगमावर आमची नाव बंद पडली, तेव्हाच ठरवलं होतं की या इंजिनाबद्दल एकदा सविस्तर लिहायचं. मनात राग होता. आता जून लागलाय, राग बराच निवळलाय आणि मतही बदललंय, त्यामुळे दोन्ही लिहितो.

नाव काकांची. चौदा फुटी, सागवानी फळ्यांची, तांब्याच्या खिळ्यांची. त्यांनी ती मुंबईला भाऊच्या धक्क्यावर कुणाकडून घेतली आणि ट्रकवर टाकून रावेरला आणली. मागे लावायचं इंजिन ब्रिटिश सीगल, सिल्व्हर सेंच्युरी, १०२ सीसी. काका गेल्यावर दोन्ही वस्तू केळीच्या बागेतल्या शेडमध्ये पडून राहिल्या. मागच्या उन्हाळ्यात मी त्या बाहेर काढल्या.

लाकडाचं काम आधी सांगून टाकतो, कारण त्यात तक्रार नाही. खानदेशचा मे महिना लाकडाला सोडत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, त्यात इतकी वर्षं कोरडी पडलेली नाव. फळ्या आकसून मधल्या फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता. एकाने सल्ला दिला, कडक होणारा केमिकलचा मसाला भरून टाका, कायमचं काम होईल. ते ऐकलं नाही हे फार बरं झालं. लाकूड पाणी पिऊन फुगतं. फटीत दगडासारखा मसाला असला की फुगायला जागाच उरत नाही, मग आतल्या आडव्या फासळ्या तडकतात. आम्ही कापूस भरला, आमच्याच शेतातला. काकूंनी ओसरीवर बसून देवाच्या वाती वळतात तशा हात-हात लांब वाती वळल्या, फक्त करंगळीएवढ्या जाड. मी त्या बोथट छिन्नीने, लाकडी हातोडीने हलक्या ठोक्यांनी बसवल्या. वरून खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लावली. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन दिवस डब्याने पाणी उपसावं लागलं, तिसऱ्या दिवशी कमी झालं, पाचव्या दिवशी तळ कोरडा. काकूंना तो कोरडा तळ दाखवला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसता हात फिरवला त्यावरून.

आता इंजिन. खरं बोलायचं आहे ते तेलाबद्दल.

राजदूत, येझदी, लूना चालवलेल्यांना पेट्रोलमध्ये टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) टाकायचं नवं नाही. पण किती? लिटरला वीस-तीस मिली. आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांतही पुढे पन्नासाला एक हे प्रमाण रूढ झालं. आमच्या सीगलचं प्रमाण आहे दहाला एक. दहा लिटर पेट्रोलला एक लिटर तेल! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. आमच्याकडे पेट्रोल लिटरमागे शंभरच्या वर, तेलाचा लिटरचा डबा चारशेचा. इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण दोन लिटर खातं. म्हणजे तासाला ऐंशी रुपये नुसते तेलाचे. ऑक्टोबर ते डिसेंबर मी वहीत हिशोब लिहिला आणि दर आठवड्याला माझा जीव जळत गेला. शेजारचे भोईदादा काठावर उभे राहून म्हणायचे, "भाऊ, हे इंजन पेट्रोल नाही, तेलच पी राहिलं!" धूरही तसाच. सकाळच्या थंडीत हतनूर धरणाच्या फुगवट्यावर आमच्या मागे निळसर पट्टा तरंगत राहायचा.

डिसेंबरच्या शेवटी शहरातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, आताचं तेल पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं येतं, पन्नासाला एक बिनधास्त चालवा. मला तेच ऐकायचं होतं. त्याने कार्बोरेटर उघडून साफ केला, नऊशे रुपये घेतले. दोन-तीन आठवडे मी खूश होतो. दोरी ओढताना मात्र फरक पडला. सीगलला फ्लायव्हीलच्या, म्हणजे वरच्या जड चाकाच्या खाचेत गाठ अडकवून दोरी हाताने गुंडाळावी लागते आणि दर वेळी पुन्हा गुंडाळावी लागते. आधी दोन-तीन हिसक्यांत धरणारं इंजिन आता आठ-दहा मागायला लागलं. मी थंडीला दोष दिला.

संक्रांतीला आप्पा, काकू आणि दोन पोरं नावेत होती. तापी-पूर्णेच्या संगमावर स्नानाला गर्दी. काठापासून दीडएकशे फुटांवर इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. मी सव्वीस वेळा दोरी ओढली, मोजून. तळहाताची साल निघाली. वारा आम्हाला हळूहळू जलपर्णीत ढकलत होता आणि वल्ही मी वजन नको म्हणून घरी ठेवली होती. अंगात सगळ्यांच्या लाइफ जॅकेट होती हे एक नशीब. शेवटी एका भोईदादाने त्याच्या डोंग्याला बांधून काठाला लावलं. पैसे घेतले नाहीत, तिळगूळ घेतला.

त्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे इंजिनच जुनं आहे, मी काय करणार. नऊशेवरून भांडण झालं आणि पैसे काही मिळाले नाहीत.

मग भुसावळच्या मिस्त्री चाचांकडे गेलो. आयुष्य राजदूत उघडण्यात गेलेला माणूस. त्यांनी फ्लायव्हील काढलं, क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) पान्याने हळूहळू फिरवला आणि मला वाकायला सांगितलं. "इथं बघा." क्रँक जिथून बाहेर येतो त्या पितळी बुशच्या कडेला पेट्रोलचे बारीक बुडबुडे फुटत होते. चाचांनी ऑइल सील शोधलं. सीलच नाही! या इंजिनात क्रँक लांब बुशमध्ये फिरतो आणि बुश व क्रँक यांच्यामधला तेलाचा थर हेच सीलचं काम करतो. टू-स्ट्रोक इंजिन क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत दाब तयार झाला तरच मिश्रण वर ढकलतं. तेल कमी केलं की थर पातळ होतो, दाब गळतो आणि इंजिन दोरीला दाद देत नाही. वर तेल कमी म्हणजे कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल जास्त, तो बिघाड वेगळाच. चाचा म्हणाले, "तुम्ही तेल वाचवत नव्हते भाऊ, सील काढून टाकत होते."

तीन महिने ज्या तेलाला मी उधळपट्टी म्हणत होतो, ते या यंत्राचा एक भाग होतं. कुणी हे आधी सांगितलं असतं तर मी एक रुपयाही कुरकुरलो नसतो. बुश फारसा झिजला नव्हता. चाचांनी ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप वीस थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावला, एका जुन्या दुचाकीचा कंडेन्सर बसवला आणि माझ्याकडून साडेतीनशे रुपये घेतले. परत दहाला एक. तिसऱ्या हिसक्याला धरलं.

तेव्हापासून एकदाही दगा नाही. पाणी ढकलणाऱ्या पंख्याचीही एक गोष्ट मला फार आवडली आहे. पाच पात्यांचा पंखा पिनेवर नाही, जाड स्प्रिंगवर बसतो. मार्चमध्ये पाणी उतरल्यावर बुडालेल्या बाभळीच्या खोडाला पातं धडकलं. स्प्रिंगने धक्का खाल्ला, काही तुटलं नाही.

गाळ मात्र सांभाळा. हतनूरचा काळा गाळ थंड पाण्याच्या नळीत चिकटतो. मी प्रत्येक फेरीनंतर इंजिन ड्रममधल्या स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं चालवतो. इथेनॉलचं पेट्रोल टाकीत ठेवूनही चालत नाही, ते पाणी ओढतं. उरलेलं काढून घ्या.

एक गोष्ट अजून मनाला लागते. न जळलेलं तेल पाण्यावर येतं. चांगदेवला लोक त्याच पाण्यात उतरतात, तोंडात घेतात. वेगळा जेट लावून पंचवीसाला एकवर आणता येतं असं समजलंय, पण बुशचं काय होईल ते चाचांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तोवर घाटाच्या बरंच अलीकडे इंजिन बंद करतो आणि वल्ही मारत जातो. वल्ही आता नावेतच बांधलेली असतात.

हतनूरचे ४१ दरवाजे उघडायच्या आत नाव वर काढायची आहे. या वेळी शेडमध्ये कोरडी ठेवणार नाही. आत ओली बारदानं अंथरायची आणि उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी भिजवायची, हे काम काकूंनी स्वतःकडे घेतलंय.