पिरानेसी, बॅबेल की हेल मेरी : एकच घ्यायचं तर

मावसबहिणीला तीन पुस्तकांतून एक निवडून हवं होतं. अटी तिच्याच: डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात वाचता यावं, पर्समध्ये मावावं आणि "तुझं ते ड्रॅगनबिगन नको." ड्रॅगन तिन्हींत नाही, त्यामुळे ती अट सुटली. उरलेल्या दोन अटींनी मात्र माझी आवडती कादंबरीच यादीतून बाद होत होती.

तिन्ही अलीकडची: सुझाना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०), अँडी विअरची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) आणि आर. एफ. क्वांगची 'बॅबेल' (२०२२). विअरची विज्ञानकथा, बाकी दोन अद्भुतात मोडणाऱ्या. दुकानातली ही वाटणी निवडीला फारशी कामाची नाही. तुम्हाला सलग किती वेळ वाचायला मिळतो, हे आधी बघा.

उभ्याने, एका हाताने कडी धरून वाचणाऱ्याने सरळ 'हेल मेरी' घ्यावी. एक माणूस अंतराळयानात जागा होतो. सोबतचे दोघे मेलेले, याला स्वतःचं नावही आठवत नाही. सूर्याची ऊर्जा खाणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे सूर्य मंदावत चाललाय आणि त्यावर उतारा शोधायला याला सुमारे बारा प्रकाशवर्षं लांब, टाऊ सेटी या ताऱ्यापाशी धाडलंय. हा मूळचा शाळेत विज्ञान शिकवणारा. अडचण आली, प्रयोग केला, फसला, पुन्हा केला, अशी सगळी चाल. ठाण्याला लोंढा आत घुसला की पुस्तक मिटा, कुर्ल्यानंतर उघडा, धागा लगेच सापडतो. नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्यांना यातला मास्तरी आनंद ओळखीचा वाटेल. (मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं.) विअरची भाषा मात्र सपाट आहे. नायकाचे विनोद कॉलेजच्या कट्ट्यावरचे, आणि जगबुडी समोर असतानाही तो ते थांबवत नाही. पुस्तक संपल्यावर मला एकही वाक्य आठवत नव्हतं, प्रयोग मात्र सगळे आठवत होते.

'पिरानेसी'चं नेमकं उलट. पानं अडीचशेच्या आसपास, म्हणजे इतर दोघींच्या निम्मी, पण सुरुवातीची पन्नास तुकड्यातुकड्यात वाचलीत तर हाती काही लागणार नाही. एक अथांग घर आहे. दालनामागून दालन, भिंतींपाशी पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र आणि वरच्या मजल्यांवर ढग. तिथे राहणारा माणूस रोजनिशी लिहितो. जगात आजवर पंधराच माणसं झाली, असा त्याचा ठाम हिशेब. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याला एक गृहस्थ भेटतात, आणि ते काहीतरी लपवताहेत हे आपल्याला त्याच्या आधी कळतं. त्याचा निरागसपणा आणि आपली धास्ती यांतल्या अंतरावर सगळी कादंबरी उभी आहे.

हा माणूस भरती-ओहोटीची गणितं मांडतो आणि मोठी लाट कुठल्या दालनात कधी शिरेल ते आधी काढून ठेवतो. पावसाळ्यात साडेचार मीटरवरची भरती कुठल्या दिवशी आहे ते पेपरात बघून सुट्टी टाकणाऱ्या मुंबईकराला हे वेगळं समजावायला नको. घर, दालन, पुतळे या शब्दांना तो कॅपिटल अक्षरं देतो, देवळासमोरून जाताना आपला हात आपोआप छातीशी जावा तसं. देवनागरीत ते कसं आणायचं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. या कादंबरीला २०२१चं विमेन्स प्राइझ मिळालं. पुरस्कारावरून पुस्तक घेऊ नये हे मी एरवी सगळ्यांना सांगतो, इथे अपवाद.

आता 'बॅबेल'. बाद होत होती ती हीच.

१८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड. बॅबेल हा तिथला भाषांतरकारांचा मनोरा. चांदीच्या लगडीवर दोन भाषांतले दोन शब्द कोरायचे, आणि भाषांतरात जो अर्थ निसटतो तो चांदी प्रत्यक्षात आणते. चिनी 'वूशिंग' म्हणजे निराकार. त्याच्यासमोर इंग्रजीतला 'अदृश्य'साठीचा शब्द लिहून दोन्ही उच्चारले की माणूस दिसेनासा होतो. दोन्ही भाषा मुरलेला माणूसच हे करू शकतो, म्हणून चीनमधल्या कँटनचा रॉबिन आणि कलकत्त्याचा रामी साहेबाला हवेत. मी वाचता वाचता 'उष्टं', 'माहेर', 'ओवाळणं' असे शब्द मनात लगडीवर कोरत बसलो. एका 'माहेर'वर त्या मनोऱ्याचा आख्खा मजला चालला असता! मुलांना इंग्रजी शाळेत घातलेल्या मराठी घरांत हे पुस्तक जरा जास्तच टोचेल.

कथेमागे अफूचा व्यापार आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनच्या व्यापाराचा, त्यातल्या अफूचाही, मोठा वाटा होता, आणि त्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. पुस्तक वाचून झाल्यावर जे. जे.च्या पुलावरून बस गेली की मला कँटन आठवतं.

दोष आहेत, आणि लहान नाहीत. लेखिका वाचकावर विश्वास ठेवत नाही. प्रसंगातून जे स्वच्छ कळलं तेच पात्राच्या तोंडी पुन्हा येतं, मग तळटिपेत तिसऱ्यांदा. फोनवर वाचणार असाल तर या तळटिपा जीव खातील. गोरी पात्रं बरीचशी पुठ्ठ्याची. तरीही चौघा मित्रांची मैत्री तडकत जाते ती पानं मी दोनदा वाचली, आणि 'हेल मेरी' दुसऱ्यांदा उघडावीशी वाटली नाही.

शेवट कुणाचा चांगला म्हणाल, तर 'पिरानेसी'चा. 'हेल मेरी'चा सुखाचा आहे, दमून घरी जाणाऱ्याला तोच बरा. 'बॅबेल'चा अटळ आहे, पण तिथे पोचेपर्यंत साडेपाचशेच्या घरातली पानं संपवायची तयारी हवी.

मावसबहिणीला शेवटी 'पिरानेसी' दिली, रविवारी दुपारी पहिली पन्नास पानं घरीच वाचायची या बोलीवर. 'बॅबेल'ही तिने मागून ठेवलीय. देईन, पण माझ्या प्रतीच्या समासात लेखिकेशी पेन्सिलीने घातलेली भांडणं आहेत. ती खोडायला मला एक रविवार लागेल.